अंगावरच्या खुणांची वही

बदलापूरला, बेलवलीत मामाकडे मी अडकले होते. 2025च्या ऑगस्टची 19 तारीख. दोन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. उल्हास नदी फुगलेली, आणि इथल्या भुयारी मार्गात पाणी साचलं की पश्चिमेचा माणूस पूर्वेला जायचं नाव काढत नाही. मामी मोड आलेले वाल सोलत बसली होती. बिरड्याचे वाल एकटीने सोलून होत नाहीत, म्हणून मी परातीपाशी बसले आणि मामाही येऊन बसला.

खुर्चीवरच्या माझ्या पिशवीतून एक फाइल डोकावत होती. मामाने विचारलं, "कुणाची केस?"

"एका कच्च्या कैद्याची. तुरुंगात असताना मनगट मोडलं, उपचार उशिरा झाले. आता हात वळत नाही. त्याच्या भरपाईचं बघतेय."

मामाच्या बोटांतला वाल तसाच राहिला. "भरपाई? कैद्याला?"

त्यानंतर जे बोलणं झालं ते मी आठवेल तसं लिहून काढलं आणि मामाला वाचून दाखवलं. काही वाक्यं त्याने बदलायला लावली. आमचं एकमत झालेलं नाही, हे आधीच सांगते. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील आहे. कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला 1987च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. त्या कामासाठी माझ्या तुरुंगात फेऱ्या होतात. मामाला ते ठाऊक होतं, पण त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

"उद्या 20 ऑगस्ट," मामा म्हणाला. "गेल्या वर्षी याच दिवशी मी स्टेशनात रुळांवर उभा होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. युनियनचे मोर्चे सुटून मला वीस वर्षं झाली, पण त्या दिवशी घरात बसवेना. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार होतो, त्यांच्या आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्तास बसवून ठेवतात, तक्रार घेत नाहीत. त्या पोरींच्या हक्कांचं कुणी बोलत होतं तेव्हा? आणि तू मला कैद्याचे हक्क सांगतेस."

"पोरींचे हक्क डावलले गेले, हे खरंच आहे मामा. त्याचा राग मलाही आहे."

"मग राग तिथे ठेव ना. ज्याने दुसऱ्याला दुखवलं, त्याच्या मनगटाचा कळवळा कशाला?"

"माझ्या पोराने कुणाला दुखवल्याचं अजून ठरलेलंच नाही. मोबाइलचोरीचा आरोप आहे. खटला उभा राहायचाय. जामीन मिळालेला, पण हमीदार मिळेना म्हणून आत."

"समज, ठरलं. समज, चोर निघाला. मग?"

"मग न्यायाधीश त्याला शिक्षा देतील. सहा महिने, वर्ष, जी असेल ती. मनगट मोडून वाकडं ठेवायची शिक्षा कायद्यात कुठे आहे? शिक्षा फक्त बाहेर न जाण्याची असते. हात, डोळे, औषध, डॉक्टर, हे सगळं त्याचं त्याच्याकडेच राहतं. उलट तो स्वतःहून दवाखान्यात जाऊ शकत नाही, म्हणून त्याला नेण्याची जबाबदारी ठेवून घेणाऱ्यावर येते. कुलूप ज्याच्या हातात, जाब त्याने द्यायचा."

मामीने विचारलं, "मोडलं कसं?"

मी सांगितलं. तुरुंगाचं नाव मी घरातही घेत नाही, इथेही घेणार नाही. बराकीत ठासून माणसं भरलेली. रात्री कुशीवर झोपायलाही जागा नसते. न्हाणीच्या नळावरून दोघांची बाचाबाची झाली, हा मध्ये पडला आणि ओल्या फरशीवर हातावर आपटला. तुरुंगाच्या डॉक्टरने त्याच दिवशी बघितलं, सूज लिहिली, गोळ्या दिल्या आणि एक्स-रेसाठी बाहेरच्या रुग्णालयात पाठवा असं लिहिलं. इथवर सगळं बरोबर. पुढे कैद्याला बाहेर न्यायचं तर पोलिसांची गार्ड लागते. तुरुंगाने पत्र दिलं. गार्ड आली नाही. पुन्हा पत्र. कधी बंदोबस्त, कधी सण, कधी माणसंच कमी. असे बावीस दिवस गेले. एक्स-रे निघाला तोवर हाड वाकडं जुळलं होतं.

"काय काम करतो बाहेर?" मामी म्हणाली.

"गवंडी आहे. प्लास्टर करतो."

मामी थांबली. "मग थापी कशी धरणार?"

मामा काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "हे वाईट झालं. पण हा एक झाला. याच्यामागे शंभर असे असतील, जे ब्लेडने स्वतःच्या अंगावर ओरखडे काढतात आणि पोलिसांचं नाव घेतात. तू तरी हे नाकारू नकोस."

मी नाकारलं नाही. मी असे हात पाहिले आहेत, मनगटापासून कोपरापर्यंत शिडीसारख्या पांढऱ्या रेघा. आणि मामाची शंका मला महत्त्वाची वाटते, कारण कायद्याने तिच्यावर फार जुनं उत्तर काढून ठेवलं आहे. 1894चा तुरुंग कायदा इंग्रजांचा, कैद्यांवर माया करायला तो केला नव्हता. तरी त्याचं कलम 24 सांगतं की आत येणाऱ्या कैद्याला डॉक्टरने तपासावं आणि त्याच्या अंगावरच्या जखमा आणि खुणा वहीत लिहाव्यात. म्हणजे फाटकातून आत येताना शरीर कसं होतं, याचा लेखी हिशोब. उजव्या भुवईवर जुना व्रण, डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग, पाठीवर तीन ताजे वळ. आता एक महिन्याने तो म्हणाला, मला इथे मारलं, तर वही उघडायची. वळ पहिल्याच दिवशी लिहिलेले असतील तर तुरुंगाचे कर्मचारी सुटले, आणि प्रश्न त्याआधीच्या पोलीस कोठडीकडे गेला. लिहिलेले नसतील तर उत्तर तुरुंगाने द्यायचं. खोटं बोलणारा कैदीही त्याच वहीने पकडला जातो.

"म्हणजे ही वही पोलिसांच्याही बाजूची," मामा म्हणाला.

"प्रामाणिक पोलिसाच्या नक्कीच. अटकेलाही तेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात, डिसेंबर 1996मध्ये, नियम घालून दिले. अटक झालेल्याने मागितलं तर त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमा लिहायच्या, खाली त्याची आणि पोलिसाची, दोघांची सही, आणि एक प्रत त्याला. कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी डॉक्टरकडून तपासणी. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 मध्ये अटकेनंतरची तपासणी आहेच. मारहाणीच्या खुणा कुठे आहेत आणि त्या साधारण केव्हाच्या, हे डॉक्टरने लिहायचं, आणि तो कागद आरोपीला किंवा तो सांगेल त्याला द्यायचा. पण कितीजण तो मागतात? दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केल्यावर 'काही तक्रार आहे का?' असं विचारतात. दोन पोलीस बाजूला उभे असतात, त्यांच्याबरोबरच परत जायचं असतं. पोरं मान हलवतात, 'नाही साहेब.' झालं. ते 'नाही' कागदावर चढतं आणि पुढे पाच वर्षं आमच्या अंगावर येतं."

मामा आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघत होता. त्या अंगठ्याला नख नाही. लहानपणापासून आम्ही तो बघत आलो, कधी विचारलं नाही. तो स्वतःच बोलू लागला. अंबरनाथच्या एमआयडीसीत तो पॉवर प्रेसवर होता. एका दुपारी अंगठा गेला. सुपरवायझर म्हणाला, चल आधी दवाखान्यात, रिक्षा बोलावतो. युनियनचा एक जुना माणूस आडवा आला. म्हणाला, रक्त बांधा फडक्याने, पण आधी अपघाताच्या रजिस्टरमध्ये लिहा. मशीन नंबर, पाळी, वेळ. मामाला तेव्हा त्या माणसाचा राग आला होता. अंगठा लोंबतोय आणि याला वही सुचते. "पण ती वेळ लिहिली म्हणून पैसे मिळाले," मामा म्हणाला. "नाहीतर घरी लागलं म्हणाले असते. त्या महिन्यात दोघांच्या बाबतीत तसं म्हणाले."

"तेव्हा तुला कुणी विचारलं का, की तू माणूस कसा आहेस? दारू पितोस का? घरात भांडतोस का?"

"त्याचा काय संबंध? मशीन त्यांचं, पाळी त्यांची."

मी काही बोलले नाही. मामाच मानेने 'हं' म्हणाला, पण लगेच दुसरीकडून आला.

"माझे पैसे मालकाने आणि विम्याने दिले. तुझ्या कैद्याचे कोण देणार? मीच ना? माझ्या करातून? त्याने चोरी करायची, पोलिसांनी न्यायचं नाही, आणि पैसे मी भरायचे."

हा प्रश्न खरा आहे आणि मला त्याचं पूर्ण समाधानकारक उत्तर देता आलं नाही. पैसे सरकारच्या तिजोरीतूनच जातात. चूक करणाऱ्याकडून ते वसूल करावेत असं न्यायालयं सांगू शकतात, सांगतातही, पण वसुली होईपर्यंत माणसं निवृत्त होतात. मी मामाला एवढंच म्हणाले की सरकारच्या नावाने झालेली इजा सरकारच्याच खात्यावर लिहिली जाणार. आणि मग नीलाबती बेहेरांची गोष्ट सांगितली. ओडिशातली ही बाई. तिच्या 22 वर्षांच्या मुलाला 1 डिसेंबर 1987ला चोरीच्या संशयावरून पोलीस चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडलं, अंगभर जखमा. पोलीस म्हणाले, पळाला आणि गाडीखाली आला. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली, पोलिसांची गोष्ट मानली नाही, आणि 1993मध्ये दीड लाख रुपये भरपाई दिली. कोठडीतल्या इजेला 'आम्ही सरकार आहोत, आमच्यावर दावा चालत नाही' हे उत्तर चालणार नाही, असं तिथे स्पष्ट झालं.

हा सगळा कायदा पत्रांवर उभा आहे, याचं मला नेहमी नवल वाटतं. सुनील बत्रा तिहारमध्ये फाशीचा कैदी होता. शेजारच्या कैद्याला हेड वॉर्डरने केलेली अमानुष इजा त्याने एका चिठ्ठीत लिहिली आणि ती न्यायमूर्तींकडे पोचवली. 1979च्या डिसेंबरात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या चिठ्ठीवर निकाल दिला. बसूंचा खटलाही 1986मधल्या एका पत्रातून निघाला. आपल्याकडे 2017च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात मंजुळा शेट्ये मारहाणीत गेली. सकाळच्या वाटपातली 2 अंडी आणि 5 पाव कमी पडले, तिथून ते सुरू झालं. ती जन्मठेपेची कैदी. तिच्यासाठी तक्रार लिहून द्यायला पुढे आली तीही तिच्याबरोबरची कैदीच. त्या तक्रारीवर तुरुंगाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. आत राहून, त्याच लोकांच्या ताब्यात राहून जबाब द्यायचा, याला काय काळीज लागत असेल.

"आणि आपल्या राज्याने काय केलंय," मी म्हणाले, "एप्रिल 2025मध्ये मंत्रिमंडळाने धोरण ठरवलं. तुरुंगात काम करताना अपघात, डॉक्टरचा हलगर्जीपणा, कर्मचाऱ्यांची मारहाण, कैद्यांची आपसातली मारामारी, यांत मृत्यू झाला तर वारसांना 5 लाख. आत्महत्या असेल तर 1 लाख. चांगलं पाऊल आहे. पण हे मेलेल्यांसाठी. माझा गवंडी जिवंत आहे, त्याला या धोरणात जागा नाही. दिल्लीत उच्च न्यायालयाने 2024मध्ये तुरुंगातल्या कामात हाताची बोटं गमावलेल्या कैद्यासाठी भरपाई ठरवण्याची पद्धत घालून दिली. तशी इथे हवी. तोवर उच्च न्यायालयात रिट, किंवा मानवी हक्क आयोग. आयोगाकडे साध्या कागदावर अर्ज चालतो, फी नाही, फक्त घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. हे वर्षाचं कुणी सांगत नाही. घरचे आधी जामिनामागे पळतात, मग वकिलामागे, आणि वर्ष निघून जातं."

वाल जवळजवळ संपत आले होते. मामाने तेव्हा शाळेच्या त्या प्रकरणातल्या आरोपीचं नाव काढलं, जे आम्ही दोघंही टाळत होतो.

"अक्षय शिंदेला गोळी लागली तेव्हा या गावात पेढे वाटले. मी खाल्ला. खोटं कशाला बोलू? आजही मला त्याची दया येत नाही."

"मी दया मागत नाहीये."

"मग काय मागतेस? पोलिसाच्या मांडीत गोळी गेली होती. त्याने पिस्तूल हिसकावलं."

"हे पोलिसांचं म्हणणं. 23 सप्टेंबर 2024. तळोजा तुरुंगातून त्याला गाडीतून आणत होते, मुंब्रा बायपासजवळ त्याला गोळी लागली, तो मेला. कोठडीत माणूस मेला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 प्रमाणे दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. जानेवारी 2025मध्ये अहवाल उच्च न्यायालयात आला. गाडीतल्या पाच पोलिसांना त्यात जबाबदार धरलं होतं, आणि पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत असं लिहिलं होतं. एप्रिलमध्ये न्या. रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. अहवाल म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, मामा. त्या पाच पोलिसांनाही वकील मिळेल, साक्षीदार तपासता येतील, त्यांचं म्हणणं ऐकलं जाईल. त्यांना हे मिळावं असं मला मनापासून वाटतं. पण जे त्यांना मिळणार, ते त्याला मिळालं नाही."

"त्याला मिळून काय झालं असतं? दहा वर्षं केस. बिर्याणी."

"निकाल लागला असता. त्या मुलींच्या बाजूने, न्यायालयाच्या शिक्क्याचा, नाव घेऊन दोष सांगणारा निकाल. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच थांबतो. त्या मुली मोठ्या होतील तेव्हा त्यांच्या हातात काय असेल? एक बातमी आणि दोन बाजूंची भांडणं. त्याची गोळी त्यांच्या निकालालाही लागली."

मामा उठला, खिडकीपाशी गेला, पुन्हा येऊन बसला. "ते मी मान्य करत नाही," तो म्हणाला. "त्या आईबापांना सुटल्यासारखं वाटलं असेल. तू त्यांच्या जागी नाहीस. मीही नाही." यावर मी गप्प राहिले, आणि आजही माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

मामी मात्र बोलली. "पुरायला जागा देईनात त्याला. इथे नको, अंबरनाथला नको. शेवटी हायकोर्टाने सांगितलं तेव्हा उल्हासनगरच्या शांतीनगरमध्ये पोलीस बंदोबस्तात पुरलं. सहा दिवसांनी. मला ते बघवलं नाही. त्याच्या आईनेही नऊ महिनेच पोटात ठेवला असेल."

थोडा वेळ नुसते वाल परातीत पडत होते.

मी म्हणाले, "मामा, तू रुळांवर का गेलास, एका वाक्यात सांग."

"तक्रार लिहून घेतली नाही म्हणून."

"मी एवढंच म्हणतेय. त्या आईबापांचं लिहून घेतलं नाही, आणि माझ्या पोराचं मनगट कधी मोडलं, गार्ड का आली नाही, हेही कुणी धड लिहून घेत नाही. ठाणं बदलतं, माणूस बदलतो, सवय एकच. अंगावर काय झालं ते कागदावर येऊ द्यायचं नाही. परभणीत डिसेंबर 2024मध्ये सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. कायद्याचं शिकणारा मुलगा. हृदयविकार म्हणाले. शवविच्छेदनाच्या कागदावर लिहिलेलं होतं, अनेक जखमांमुळे आलेला शॉक. त्या एका ओळीला धरून त्याची आई लढली. जुलै 2025मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. ती ओळ कुणी डॉक्टरने लिहिली नसती, तर? आणि गेल्या वर्षी 20 ऑगस्टला तुमच्यातल्याही कितीजणांना उचललं. शेकडोंवर गुन्हे. त्या रात्री तू घरी आलास, कुणी आला नाही."

"या आळीतल्या एकाला पकडलं होतं," मामा हळू म्हणाला. "त्याची आई आमच्याकडे बसून होती रात्रभर."

"तिला काय हवं होतं त्या रात्री?"

"पोरगा धड आहे का, एवढं कुणी सांगावं."

पाऊस जरा कमी झाला होता. मामीने परात उचलली आणि सालं कागदात गुंडाळली. मामाने हात धुतले, लुंगीला पुसले आणि चष्मा मागितला. "तुझा तो अर्ज दाखव."

नाव असलेलं पान मी काढून ठेवलं आणि मसुदा त्याच्यासमोर धरला. तो एकेक ओळ बोट लावून वाचत होता, तो नख नसलेला अंगठा कागदाच्या कडेवर. तुरुंगाच्या डॉक्टरची पहिली तारीख, गार्ड मागणाऱ्या पत्रांच्या तारखा, एक्स-रेची तारीख. दिवस त्याने मनात मोजले आणि बावीस बरोबर आहेत म्हणाला. मग दुसऱ्या परिच्छेदावर त्याचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंस? 'मनगटास अस्थिभंग.' कुठल्या मनगटास?"

"उजव्या."

"मग लिही ना तसं. थापी उजव्या हातात धरतात, डाव्यात नुसती पाटी. ते लिहिलं नाहीस तर समोरचा म्हणेल, एक हात आहे की चांगला." त्याने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे केलं. मी 'मनगटास'च्या आधी 'उजव्या' घातलं, आणि समासात गवंडीकामाची एक ओळ.